जातो, बाई

उकरबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण गल्लीत उकरबाईंचा दवाखाना विचारा, कुणीही आणून सोडेल. खोकला घेऊन गेलात तर ही बया झोप विचारणार, भूक विचारणार, सून बोलते का नाही तेही विचारणार. माणूस बाहेर पडून म्हणायचा, "आता फक्त शेजाऱ्याची नाडी बघायची राहिली!"

संशय तिच्या अंगात मुरलेलाच. आधी ती मोठ्या इस्पितळात हाडांच्या विभागात होती. तिथे एक आजी पडून होत्या. हाड झकास जुळलेलं, पण घास उतरेना. वरिष्ठ म्हणाले, "आपलं काम हाडाचं. पोटवाल्यांकडे पाठव." पोटवाल्यांनी मेंदूवाल्यांकडे पाठवलं, मेंदूवाल्यांनी परत हाडवाल्यांकडे. घ्या! शेवटी हिने स्टूल ओढून आजींनाच विचारलं. घरी न्यायला कुणी येणार नाही, या धास्तीने त्यांचं अन्न तुटलं होतं. त्यानंतर हिने हाडं सोडली आणि फॅमिली डॉक्टरकीचं शिक्षण धरलं. आईने कपाळाला हात लावला. "ऑपरेशनं सोडून सर्दी-पडसं? लोक म्हणतील, हिच्या हातून काहीतरी झालं असणार." लोक म्हणालेच. लोकांचं तोंड कोण धरणार?

तर त्या दिवशी गल्लीतले घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी आले. बायको गेल्यापासून एकटेच राहणारे, महाखवट म्हातारे. ब्लडप्रेशर दाखवायला यायचे आणि आत पाऊल टाकल्याबरोबर भिंतीवरच्या घड्याळावर तोंडसुख घ्यायचे. आज मात्र गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं साखरेत घोळलेलं.

"झोपेच्या गोळ्या द्या. जरा जास्तच द्या, सारखा तुम्हाला त्रास नको."

तिच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस कधीपासून दुसऱ्याचा त्रास बघायला लागला? ब्लडप्रेशर उत्तम, नाडी उत्तम. बोलता बोलता म्हणाले, दुरुस्तीची हत्यारं भाच्याला देऊन टाकली, आता पसारा कशाला. आणि घड्याळाकडे त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती.

"गोळ्यांचं नंतर बघू, काका."

"राहू द्या मग," म्हणत ते चटकन उठले. "जातो, बाई."

जातो! अहो, आपल्यात भांडून निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणतो. ती उठली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. चुकलं तर गल्लीभर हसू होणार, म्हातारा पुन्हा पायरी चढणार नाही. आणि खरं असलं तर?

"काका, सरळ विचारते. जीव द्यायचं मनात आहे का?"

"डोकं फिरलंय का तुमचं?" ते गरजले. पण हात खुर्ची चाचपत होता. मग आवाज खाली आला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच. आत्ता, जाताना."

ते बसले आणि हमसून रडले. "घरभर टिकटिक आहे हो. बोलायला कुणी नाही."

त्या दिवशी तिने त्यांना एकटं सोडलं नाही. त्यांच्या मुलीला फोन केला, मनोविकाराच्या डॉक्टरांना गाठून दुसऱ्याच दिवशीची वेळ घेतली. बाहेर पेशंट कुरकुरत होते. "बसली असेल उकरत!" असं कुणीतरी मोठ्याने म्हणालंसुद्धा. म्हणेना का!

मुलगी धावतपळत आली. बापाचा हात तिने असा पकडला की सोडेचना. दोघं निघाली. उंबऱ्यात घड्याळजी थबकले. उकरबाईचा सगळा जीव कानात आला होता.

त्यांनी हळूच मान वर केली.

"मागे पडतंय ते," घड्याळाकडे बघून ते कुरकुरले. "भाच्याकडनं हत्यारं परत घेतो आणि येतो."