विषाणूचं माहेर

“ह्याचं माहेर कुठलं रे?” नवा नमुना वाचून झाला की मॅडम चष्मा कपाळावर ढकलून विचारायच्या. माणसाचं नव्हे, विषाणूचं.

घाटकोपरच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली हिपॅटायटिस बीचं काम शिकलो. घरातला पहिला पदवीधर, तालुक्याच्या कॉलेजातून आलेला. इंग्रजीत अडखळलो की त्या म्हणायच्या, “मराठीत सांग. विषाणूला दोन्ही कळत नाहीत.” त्या एका वाक्याचे उपकार फिटायचे नाहीत.

दिवसभर तेच तेच समजावून आवाज झिजलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. मॅडम त्यातल्याच. “हा डी प्रकार. ह्याचे भाऊबंद भूमध्य समुद्रापर्यंत पसरलेत. हा ए, ह्याचं नातं आफ्रिकेशी. माणसं गेली तिथे हा रक्तातून सोबत गेला. वाटेत ह्याच्या जनुकांतलं एखादं अक्षर बदललं, बस.” त्या बदललेल्या अक्षरांवरून आम्ही कोण कोणाच्या जवळचा ते ठरवायचो.

एकदा विक्रोळीचे एक काका आले. मुलगी गरोदर. तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला. तो शरीरसंबंधातूनही पसरतो, एवढं ऐकून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं.

“मॅडम, लिहून द्या, माझ्या पोरीने काही वाईट केलेलं नाही.”

“असं लिहून देता येत नाही काका.”

“मग एवढं शिकून तुमचा उपयोग काय?”

“काही नाही,” मॅडम म्हणाल्या. “बसा, पाणी घ्या. आणि दोन्ही घरच्यांना तपासणीला पाठवा.”

चारकोपहून तिच्या सासूबाई तरातरा आल्या, मागून त्यांचा मुलगा, तिचा नवरा. “आमच्यात असलं काही नाही हो. तिनेच माहेरून आणलाय!”

मुलीच्या माहेरी कोणालाच नव्हता. सासूबाईंना होता, मुलालाही होता. तिघांचे विषाणू जवळजवळ सारखे.

“मॅडम, सापडलं माहेर!” मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. “जवळचे आहेत एवढंच दिसतं. कोणाकडून कोणाकडे गेला, ते त्यात लिहिलेलं नसतं. पण बाळंतपणात आईकडून येतो, हीच त्याची जुनी वाट.”

त्यांनी सासूबाईंना एकट्यांना आत बोलावलं. सगळं ऐकून बाईंचा चेहरा उतरला.

“म्हणजे मी दिला माझ्या पोराला?”

“सुनेला लावलात तो दोष आता स्वतःला लावू नका. कोणी दिला नाही. तुम्हाला बहुतेक तुमच्या आईकडून आला असेल, तिला तिच्या आईकडून. कोणाला कळणार होतं? बाळाला मात्र जन्मल्याबरोबर इंजेक्शनं द्या. तिथे थांबवता येतो.”

“मुलाला सांगणार तुम्ही?”

“त्याचा रिपोर्ट त्याला देईन. तुमचं तुम्ही सांगायचं. पण तुम्ही बोलला नाहीत, तर बोल तिच्याच माथी राहील.”

सासूबाई रिपोर्ट पिशवीत घालून निघून गेल्या. मॅडमनी डोळे चोळले. “दमले रे मी. मशीनला विचारलं तर ते सांगतं. माणसांच्या तोंडून शब्द निघत नाही.”

बाळ विक्रोळीतच झालं, इंजेक्शनं वेळेवर मिळाली. सून परत गेली की नाही, हे मॅडम मधूनमधून विचारायच्या. मला माहीत नसायचं. दिवाळीनंतर मॅडम हृदयविकाराने गेल्या. त्यांच्या खोलीत दुसरे साहेब बसू लागले.

मग एका सकाळी प्रयोगशाळेच्या नोंदणीच्या खिडकीपाशी सासूबाई उभ्या. शेजारी सून, तिच्या कडेवर वर्षाचं होत आलेलं बाळ. मागे रांग होती. खिडकीतल्या मुलीने विचारलं, “घरात कोणाला आहे?”

“मला,” सासूबाई म्हणाल्या. मग मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, “माझ्यानंतर मुलाला. हिला आमच्या घरात येऊन लागला. हिच्या माहेरी कोणालाच नाही.”

सून खाली बघत बाळाचं टोपडं सारखं करत राहिली.

बाळाला काही झालेलं नव्हतं. रिपोर्ट घेताना सासूबाईंनी आत डोकावून विचारलं, “त्या चष्म्याच्या मॅडम कुठायत? त्यांना सांगायचं होतं, घरी बोलले म्हणून.”

मी सांगितलं. त्या बाहेरच्या बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, “बरं, मग तुम्हीच ऐका,” आणि थोडं सरकून त्यांनी मला बसायला जागा केली.