नानानं बोटांनी वाचलेले आकडे

कौतिक दारात उभा होता आणि आत येत नव्हता. पिंपळनेरहून सकाळच्या मोटारीनं तो धुळ्याला आला होता. माझ्या धाकट्या भावाचा, नानाचा ट्रॅक्टर तोच चालवायचा. एरवी ओसरीत पाऊल टाकण्याआधीच तो "अक्का, चहा मांडा" असं ओरडायचा. त्या दिवशी टोपी हातात घेऊन नुसता उभा राहिला. मीच म्हटलं, "कधी?" तो म्हणाला, "पहाटले..." आणि खाली बसून लहान मुलासारखा रडू लागला. आज महिना होऊन गेला, पण सकाळी दाराशी कुणी उभं राहिलं की अजून माझी नजर आधी त्याच्या टोपीकडे जाते.

नाना माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून त्याला कडेवर घेऊन मीच वाढवलं. इंग्रजी तिसरीपर्यंत शिकला आणि मग शेतीत रमला. भुईमूग, ऊस, बाजरी... जे पेरायचा त्यात जीव ओतायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी त्यानं लोखंडी चाकांचा एक जुना ट्रॅक्टर आणला, तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं. त्याला मात्र रबरी चाकं हवी होती. धुळ्याच्या व्यापाऱ्याकडे सांगून ठेवलं, पण ती वेळेवर येईनात. दरम्यान मधुमेहानं त्याचे डोळे धरले. आधी कडा धूसर झाल्या, मग माणसं सावल्यांसारखी दिसू लागली, मग तेही गेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता उपाय नाही. चाकं आली तेव्हा नाना घरात भिंतीकडे तोंड करून निजलेला होता. ती त्यानं कधी पाहिलीच नाहीत.

त्याची बायको यशोदा ताट पुढे ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. ट्रॅक्टर विकून टाकावा, असं नातेवाईक बोलू लागले होते. मी मुद्दाम राहायला गेले होते. एका दुपारी बघते तर खाट रिकामी. धावत बाहेर आले. निंबाखाली, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी तो उकिडवा बसला होता. टायरच्या बाजूवर तळहात फिरत होता, ओठ हलत होते. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"अक्का, आठे आकडे शेतस! उठावाचे. माले वाचता येस!"

त्यानं माझं बोट धरून त्या आकड्यांवरून फिरवलं. सव्वाअकरा, मग एक आडवी रेघ, मग चोवीस. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा आतल्या लोखंडी कड्याच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. पुढची चाकं साडेपाच–सोळा. तो सांगत होता आणि मी त्याचा चेहरा बघत होते. वर्षभरानं त्यानं काहीतरी वाचलं होतं... त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला. यशोदा चुलीपाशी तोंड फिरवून किती वेळ डोळे पुसत होती.

मग तो उठलाच. शेतावर जाऊ लागला, माती चिमटीत घेऊन ओल सांगू लागला. मोटार थांबली की आधी तिच्या चाकाला हात लावायचा, आणि लोक हसले की स्वतःही हसायचा. एकदा पुढचा टायर फाटला. बदली टायर जुन्या मालातून आला. कौतिकनं तो पहारी लावून कसाबसा चढवला आणि पंपानं हवा भरत होता. टायरची कड लोखंडी कड्यावर बसेना, म्हणून आणखी भरत होता. नानाचा हात सवयीनं आकड्यांवर गेला आणि तो ओरडला, "थांब! हवा सोड! हाऊ पंधराना शे!" सोळाच्या कड्यावर पंधराचा टायर... टायरच्या कडेतली तार तुटली असती तर तो वाकलेल्या कौतिकच्या तोंडावरच फुटला असता. दारात कौतिक तसा का रडला, हे आता वाचकांना सांगायला नको.

या पौषात मी पिंपळनेरला गेले तेव्हा नाना फार खंगला होता. पायाला जखम, बोटं गार. म्हणाला, चाकापाशी ने. नेलं. बसवलं. हात फिरवला, पुन्हा फिरवला, दुसऱ्या हातानं चाचपलं. आकडे जिथल्या तिथे होते, अगदी ठसठशीत. त्याची बोटं त्यांच्यावरच होती.

"अक्का, आकडे घसाई ग्यात का वं?"

दुखण्यानं बोटंही बधिर केली होती. मी म्हटलं, "हा रे भाऊ... घसाई ग्यात."

तो माझा हात धरून बसला. त्याला कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी पुन्हा विचारलं नाही, आणि तशी वेळही मग आली नाही.

परवा यशोदाकडे गेले. पेरणीला ट्रॅक्टर ठेवायचाच, असं तिनं ठरवलंय. मी आत शिरता शिरता पिशवी उंबऱ्याजवळ ठेवली. ती बोलता बोलता पुढे आली, वाटेतली पिशवी उचलून भिंतीच्या कडेला ठेवायला वाकली, आणि तशीच थांबली. मी आजूबाजूला पाहिलं. घागर, पाट, केरसुणी, सगळं भिंतीला लावलेलं. दारापासून खाटेपर्यंतची वाट मोकळी.

"आते कोनले ठेच लागनार शे, अक्का..." ती म्हणाली, आणि पिशवी कडेलाच ठेवली.