सोळा वर्षांचा सुस्कारा

माझी धाकटी नणंद साठीला टेकली आहे, आणि गेली कित्येक वर्षं ती सोळाची आहे. परदेशी सिनेमांतल्या शाळकरी मुली आपल्या भाषेत बोलतात, तो आवाज तिचा. घरात तिला सगळे चिमणी म्हणतात. तिने फोन उचलला की पलीकडचा माणूस अजून विचारतो, "बाळ, आई आहे का घरी?" ती गंभीरपणे सांगते, "आई वारली हो, बरीच वर्षं झाली."

तिचं काम मी एकदा पाहून आले आहे. भिंतींना जाड गाद्या लावलेली खोली, खिडकी नाही, समोर पडदा. हातात बांगड्या नकोत, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे नकोत. माइकला सळसळ ऐकू येते. पडद्यावरच्या मुलीने तोंड उघडलं की हिने बोलायचं, मिटलं की थांबायचं. मुलगी धावली तर हिने जागच्या जागी धापा टाकायच्या. चुंबन आलं तर स्वतःच्याच मनगटाचा मुका घ्यायचा. लग्न तिने केलं नाही. "मनगटावर भागलं," म्हणते.

अलीकडे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून साउंडवाल्याने तिला स्टूल दिलं. मग एके दिवशी त्याने विचारलं, "ताई, आत्ता केलात त्या नाताळच्या सिनेमाचा दुसरा भाग येतोय. त्यात मुलीचं करणार की मुलीच्या आईचं? रविवारपर्यंत सांगा." त्याने फार नम्रपणे विचारलं, तेच तिला लागलं.

रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली. "वहिनी, पहिला भाग बघ आणि खरं सांग. एकदा आई झालं की परत कुणी मुलगी करत नाही. माझं तोंड बघून सांगू नकोस."

"तुझं तोंड त्यात दिसतंय कुठे?" मी म्हटलं.

ती हसली नाही. चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच बसून राहिली.

सिनेमा असा: एक मुलगी नाताळच्या सुट्टीत आजीकडे येते. तिथे पावाच्या भट्टीवाल्याचा देखणा मुलगा. दोघांचा गैरसमज होतो, आणि एका फोनवर मिटला असता तो मिटायला अर्ध्याहून जास्त सिनेमा खर्ची पडतो. बर्फ सारखा पडतो, पण कुणाचं नाक लाल होत नाही. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर नाताळच्या नाटकात कापसाचा बर्फ करायच्या. मी उंच म्हणून दरवर्षी मेंढपाळ. तो कापूस नाकात जाऊन खऱ्या शिंका तरी यायच्या.

चिमणीचा आवाज मात्र लखलखीत होता. रुसणं, खिदळणं, "मला तुझं तोंडही पाहायचं नाही" असं ओरडणं, सगळं सोळाचं. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता. तेवढ्यात भांडण करून ती मुलगी बागेतल्या बाकावर बसली आणि तिच्या तोंडून सुस्कारा निघाला.

तो मी ओळखला. पलंगावर बसताना, मोटारीतून उतरून पायरीवर टेकताना चिमणी सोडते तोच. आधी गुडघे, मग कंबर, मग एकदाचा श्वास. पोरगी बसली कोवळी, आणि सुस्कारा आला साठीचा.

मी सिनेमा थांबवला. चिमणी दारात येऊन उभी राहिली. "सांग."

"बोलण्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही."

"पण?"

सांगायचा मलाच कंटाळा आला. मी तेवढाच तुकडा पुन्हा लावला. तिने ऐकला. म्हणाली, "परत लाव." परत लावला.

"त्या दिवशीचं शेवटचं काम होतं ते," ती म्हणाली. "मी खरंच दमले होते गं."

"तेच ऐकू येतंय."

"त्यालाही आलं असेल."

"म्हणून तर विचारलं ना त्याने."

ती खुर्चीत बसली, आणि बसताना तोच सुस्कारा निघाला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. "आपली आई अशीच बसायची," ती म्हणाली. माझ्या सासूबाई खरंच तशाच बसायच्या.

मग तिने साउंडवाल्याला फोन लावला. "आईचं करते," तिने सांगितलं, तेही सोळाच्याच आवाजात. पलीकडून काहीतरी शंका आली असावी. "हो हो, आवाज आहे माझ्याकडे. आत्ताच ऐकला. आणि तो सुस्कारा बदलायचा असेल तर उद्या येते... नको? बरं, राहू दे."

फोन ठेवून ती म्हणाली, "उरलेला लाव. मनगट कसं वाजलंय ते तरी ऐकू."

पण चुंबन येण्याआधीच ती खुर्चीत झोपून गेली. मी तिच्या पायांवर शाल टाकली आणि शेवटपर्यंत एकटीने पाहिला. मनगट उत्तम वाजलं आहे.

सिनेमा बघावा का, असं मला नंतर बऱ्याच जणींनी विचारलं. हातात निवडायला भाजी असेल तर बघा. बाकावरचा प्रसंग आला की तेवढं निवडणं थांबवा.