पितळी पट्टीखालचा रंग

पोलीस खात्यातून माझ्या निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यात टूवूंबा शहरापलीकडच्या एका गावी बंदुका घडवणाऱ्या वृद्ध कारागिराच्या तिजोरीतून हाताने घडवलेली रायफल चोरीला गेली. चोरी दिसली त्याच सकाळी त्याने आमच्या ठाण्यात तक्रार दिली. तिजोरी फोडल्याच्या खुणा नव्हत्या. एवढ्यावरून माझ्या वरिष्ठाने तक्रार खोटी ठरवली आणि तपासाआधीच त्याचा शस्त्रपरवाना निलंबित करवला. त्या परवान्यावर त्याचं पोट होतं. आठवलं की अजून संताप येतो.

"म्हाताऱ्याने विकली असेल, मेट. फाइल बंद कर," वरिष्ठ म्हणाला. मी केली नाही.

काही आठवड्यांनी स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरातून एका पुणेकर इंजिनिअरचा फोन आला. रायफल त्याच्यासाठीच बनत होती.

"काका, बंदुकांच्या एका दुकानात ती बघितली. मागचा लाकडी दस्ता काळपट केलाय, पण लाकडातल्या रेघा त्याच. ती बनत असतानाचा फोटो आहे माझ्याकडे."

"दुकानात काही बोललास?"

"वेडा आहे का मी?"

वॉरंट घेऊन रायफल जप्त केली. नंबर घासलेला होता. "अक्रोडाच्या रेघा सगळ्या सारख्याच," दुकानदार म्हणाला.

मी कारागिराला त्याची पद्धत विचारली. ओल्या फडक्याने लाकडाचे तंतू उठवायचे, वाळल्यावर घासायचे, मग जवसाच्या तेलात मुरवलेली लाल मुळी हाताने जिरवायची. बरणी पाहताच ओळखलं: रतनजोत. आई केसांच्या तेलात घालायची. दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टी बसते. तिच्याखालीही तो हेच तेल जिरवत असे.

"तिथे कोण बघतं?" मी विचारलं.

"पाणी काय दिसणाऱ्या बाजूनेच शिरतं?"

दुकानदाराची चौकशी रेकॉर्डिंग लावून केली.

"दस्ता कोणी रंगवला?"

"मीच. डब्यातला तयार रंग. एका दुपारचं काम."

"पट्टीखाली?"

"सगळीकडे तोच डबा, मेट."

हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि दस्ता प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला: बाहेर डब्यातला रंग, पट्टीखाली जवसाचं तेल आणि रतनजोत. अहवाल समोर ठेवल्यावर तो बोलला. कारागिराकडे गिऱ्हाईक म्हणून गेला असताना तिजोरीचे आकडे त्याने मागे उभं राहून पाहिले होते.

तक्रार खरी की खोटी हे ठरवण्याआधी तक्रारदार काम कसं करतो ते विचारावं, एवढं मी शिकलो. आमच्या ठाण्यात ते कोणीही विचारलं नव्हतं.

दुकानदाराने न्यायालयात गुन्हा कबूल केला. रायफल कारागिराला परत देण्याचा आदेश झाला. पण परवान्याचं निलंबन कोणी मागे घेतलंच नव्हतं, त्यामुळे त्याला ती ताब्यात घेता आली नाही. ती अजून ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आहे.