मी गाळलेला प्रश्न

दारव्ह्याजवळच्या एका बंजारा तांड्यावर मी प्रश्नावल्या भरून घ्यायला जात होते. लोकांना नैराश्य किती आणि कसकसं असतं, त्याची पाहणी होती. वाचता येणाऱ्याने आपला फॉर्म आपणच भरायचा. नसेल येत, तर मी प्रश्न वाचायचे आणि ते सांगतील त्या रकान्यात खूण करायची. अजिबात नाही, कधीमधी, बरेच दिवस, रोज. चारच रकाने. यवतमाळात, कचेरीत नोकरी करणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मला ते काम सोपं वाटलं होतं.

त्या दिवशीची शेवटची बाई तिशीची असेल. ओसरीत बसली होती, शेजारी सासू तूर निवडत होती. पहिलाच प्रश्न उदास वाटण्याचा. उदास म्हणजे काय, तिने विचारलं. आपसात त्या गोरबोली बोलत, माझ्याशी वऱ्हाडी. मी म्हटलं, मन लागत नाही, तसं. मनाचं तिला ठाऊक नव्हतं. पण सकाळी चुलीपाशी बसलं की उठवत नाही, हात जड होतात, लेकरू रडतं ते लांबून रडल्यासारखं ऐकू येतं, असं ती सांगत राहिली. याला कुठला रकाना, मला कळेना. मी थकव्यासमोर 'कधीमधी' केलं आणि उदासीसमोर 'अजिबात नाही'.

आठवा प्रश्न जीव द्यावासा वाटतो का, हा होता. तो एकांतातच विचारायचा, असं आम्हाला बजावलं होतं. सासूला जरा उठा म्हणायचा मला संकोच वाटला आणि शेवटची जीपही निघायला आली होती. मी तो प्रश्न वाचलाच नाही. 'अजिबात नाही'वर खूण करून गुणांची बेरीज केली. कमी आली. बेरीज कुणाला सांगायची नसते, तरी जाता जाता मी म्हणाले, काही काळजी नाही, ठीक आहात तुम्ही.

दोन महिन्यांनी दुसऱ्या फेरीला गेले, तेव्हा सासू एकटीच होती. सुनेने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. शेजारणीने पाहिलं म्हणून वाचली. आता यवतमाळच्या दवाखान्यात होती.

"मी तिले दवाखान्यात न्याव म्हणत होती," सासू म्हणाली. "पण तुमीच ठीक हाय म्हणून सांगतलं नं. मंग राहू देलं."

त्याच संध्याकाळी मी वरिष्ठांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तो फॉर्म रद्द करू, पुढे जपून करा. त्यांनी मला कामावरून काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

ती घरी आल्यावर, फेरीतली राहिलेली घरं करायला तांड्यावर गेले तेव्हा मी तिला भेटले. गोळ्या सुरू होत्या. वाळली होती, पण उठून बसली. सासू शेतात गेलेली. एक प्रश्न मी विचारलाच नव्हता, उत्तर मनानेच लिहिलं होतं, हे मी तिला सांगितलं. प्रश्न कोणता, तेही सांगितलं. सासू बसली होती म्हणून, असंही म्हणाले.

ती लेकराच्या केसांतून हात फिरवत होती.

"बुढी होती तरी सांगतलं असतं," ती म्हणाली. "तवा कोनी विचारूनच नोतं राह्यलं."

माझं चुकलं, मी म्हणाले. तिने मान हलवली. ती हो होती की असू द्या, मला समजलं नाही. मग तिने विचारलं, अजून किती घरं बाकी आहेत. दोन होती. मी पिशवी उचलली आणि पुढच्या घरी गेले.