लोसालीनेची बरणी

वावाऊ बेटावर पर्यटकांनी गळ्यात घालायचे हाडाचे गळ कोरावेत ते लोसालीनेनंच. ती बैलाचं हाड उकळून, चरबी काढून ते काचेच्या बरणीत पेरॉक्साइडमध्ये घालायची, की हाड दुधासारखं पांढरं व्हायचं. दिसायला पाणी, पण त्याची खोड तिला माहीत होती. पातळ केल्याशिवाय घ्यायचं नाही, हातमोजे घालायचे, उरलेलं परत कॅनमध्ये ओतायचं नाही. आणि झाकण कायम सैल, कारण आत वायू सुटत राहतो.

एका सोमवारी सकाळी तिनं फळीवरची बरणी उचलली आणि ती हातातच फुटली. कामाचा चष्मा अजून खुंटीला होता. टाकीच्या नळाखाली तिनं अर्धा तास डोळा धुतला, पण काचेनं बुबुळ चिरलं होतं. उजवा डोळा गेला.

तिच्या भावाचा मुलगा मनासे शेजारीच कोरकाम करायचा. त्यानं चर्चमध्ये सांगितलं, "आत्यानंच झाकण आवळलं. रविवारी काम वर्ज्य असताना हाडं फसफसत ठेवली, देवानं दाखवलं." तिचे गळ विकत घेणाऱ्या हॉटेलवाल्यांनी निष्काळजी बाई म्हणून तिचं काम काढून त्याला दिलं. लोसालीनेला ठाऊक होतं, झाकण तिनं सैलच ठेवलं होतं. रोज प्रार्थना करताना ती 'आम्हीही क्षमा करतो' या ओळीपाशी ओठ मिटून घ्यायची.

मग मनासेच्या लेकाचा एकविसावा वाढदिवस आला. बेटाच्या रीतीनं आत्याचा मान सगळ्यांच्या वर, तिचा शब्द भाच्याला मोडता येत नाही. मानाच्या चटईवर बसून तिनं पिशवीतून बरणी काढली. आत हाडाचे तुकडे होते आणि टाकीतलं साधं पाणी. लेकराबाळांत तसलं काही आणायला ती वेडी नव्हती. पण ते तिला एकटीला माहीत.

"मनासे, झाकण घट्ट लाव. मांडीवर घेऊन बस. पाद्रीबाबांची प्रार्थना होईपर्यंत."

"आत्या, आज कशाला हे?"

"का रे, जड आहे का? लाव की."

सगळी पंगत बघत होती. त्यानं झाकण फिरवलं. पाद्रीबाबा कधी थोडक्यात आटोपत नसत. मनासेच्या कपाळावरून घाम ओघळू लागला, मान बरणीपासून लांब लांब जाऊ लागली.

"सैल करू दे, आत्या! फुटेल ना ही!"

"का फुटेल?"

"घट्ट लावली की फुटतेच!"

"मग मी सैल ठेवलेली कुणी लावली? ते सांग, मग सैल कर."

प्रार्थना थांबली. पंगतीला आलेला हॉटेलचा मॅनेजर मान वर करून मनासेकडे बघू लागला.

"मी," मनासे पुटपुटला. "त्या रविवारी चर्चमधून येताना. तुझं काम मला मिळेल म्हणून... डोळा जाईल असं वाटलं नव्हतं गं."

पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "लोसालीने, आता क्षमा कर."

"ती देवाकडे मागू दे त्याला," ती उठत म्हणाली. "मनासे, तुझं कोरायचं मशीन मला हवंय. आत्ता."

आत्यानं मागितलेलं नाकारता येत नाही. त्यानं स्वतः उचलून ते तिच्या दारापर्यंत नेलं. ती मागून चालत होती, आणि तिनं त्याला ते वाटेत एकदाही खाली टेकवू दिलं नाही.