शोकाकुल कोणीच नाही

फलकावर आपला चेहरा छापला नाही, तर आमच्याकडे माणूस श्रद्धांजलीसुद्धा वाहत नाही. वसई-विरारचा कुठलाही चौक बघा. वर गेलेला एक आणि खाली काळे चष्मे लावलेले शोकाकुल डझनभर. या एका सवयीमुळे माझ्या नोकरीतलं एक प्रकरण उलगडलं. 

तेव्हा मी विरारच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना नायगावला राहणाऱ्या एका शिपायाने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"साहेब, हे बघा. आमच्या चौकात लागलंय."

भला मोठा फलक. भावपूर्ण श्रद्धांजली. माजी सैनिक, सेवानिवृत्त सहायक पोलीस उपनिरीक्षक. फोटो आमच्या फौजीकाकांचा. आणि फौजीकाका त्या क्षणी ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी बसून चहा पीत होते!

काका आधी सैन्यात होते, मग पोलिसात आले. निवृत्त झाल्यावरही रोज दाढी करून, बूट चमकवून ठाण्यात हजर. नव्या पोरांना पंचनामा लिहायला शिकवायचे आणि चुकलं की फौजी शिव्या हासडायचे. बायको गेलेली. मनवेलपाड्यातल्या घरी एक मुलगी होती, शिवणकाम करायची. खाडीत रेती चोरणाऱ्यांच्या होडीत या माणसाने एकट्याने उडी घेतलेली मी डोळ्यांनी पाहिली होती.

जिवंत माणसाला श्रद्धांजली म्हणजे सरळ धमकी, हेच माझ्या डोक्यात आलं. मी फोटो काकांना दाखवला. त्यांनी चहा न संपवताच कप खाली ठेवला.

"मस्करी केली असेल कुणीतरी," ते म्हणाले. "राहू द्या साहेब. काढू नका."

काढू नका? माझ्या मनात पाल चुकचुकली.

स्टेशन डायरीला नोंद केली, काकांना जीपमध्ये बसवलं आणि नायगावला निघालो. फलकाच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव होतं. दुकान विरारलाच, वाटेवर. काकांना जीपमध्येच ठेवून मी आत गेलो. दुकानदाराला वर्दी बघूनच घाम फुटला.

"साहेब, आपला काय संबंध नाय, आईशप्पत! एक अंकल आले होते. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. मी बोललो, खाली मंडळाचे फोटो टाकू, एक्स्ट्रा काय घेणार नाय. बोलले, कुणाचाच नको. दशक्रिया कुठे ते विचारलं, तर ते पण नको. मी बोललो, अंकल, मग लावता कशाला?"

"उभे कसे होते?"

"कसे म्हणजे... असे." त्याने पाय फाकवले, हात पाठीमागे बांधले आणि छाती पुढे काढली.

परेडला 'विश्राम' म्हटल्यावर जवान उभा राहतो ना, अगदी तसा. मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. धमकी देणाऱ्याला आपलं नाव कळायला हवं असतं, शोक करणाऱ्याला आपला फोटो. ज्याला या दोन्हींतलं काहीच नको, असा माणूस एकच.

जीप नायगावच्या चौकात त्या फलकासमोर उभी केली. काका वर बघेनात.

"काका, स्वतःची श्रद्धांजली स्वतःच लावलीत. का?"

 मी इतकी वर्षं आरोपींना बोलतं केलं, पण त्या दिवशी मला पुढचा प्रश्न विचारवेना. शेवटी तेच बोलले.

"इथल्या खाडीकाठच्या खुनात मी एकाला आत घातला होता. साक्ष माझीच होती. शिक्षा झाल्यावर बेड्यांसकट वळून म्हणाला, फौजी, सुटलो की आधी तुझ्या घरी. तो सुटलाय साहेब. इथेच बहिणीकडे राहतोय, मला खबर आली."

"मग आम्हाला सांगायचं ना, भल्या माणसा!"

"काय सांगू? पोलिसाला पोलीस संरक्षण द्या म्हणून?" त्यांनी पहिल्यांदाच फलकाकडे पाहिलं. "मी घाबरलो, साहेब. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं तरी माझ्या अंगाला दरदरून घाम येतो. पोर दिवसभर एकटी असते. म्हटलं, मी मेलो असं त्याला वाटू दे. मेलेल्याशी कसलं आलंय वैर?"

फौजी माणूस तो. पडलेल्या शत्रूवर गोळी झाडायची नाही हे शिकलेला. समोरचाही तेच शिकलाय, असं ते धरून चालले.

इतक्यात समोरचा टपरीवाला, त्या खुनाच्या तपासापासून काकांना ओळखणारा गावातलाच म्हातारा, पाण्याची बाटली घेऊन जीपपाशी आला. आत नजर गेली आणि जागीच थिजला.

"आयला! फौजी? तुमी तं गेलं ना?" मग एकदम माझ्याकडे वळला. "साहेब, मगाशी एक जन फलकाशी लय येळ हुबा व्हता. पानी मागितलं, हार घेतला. फौजीच्या घरी भेटाया जायचं म्हनला. मी मनवेलपाड्याचा पत्ता दिला. मयताच्या घरी निघालेल्याला घर नाय दाखवायचं तं काय?"

काका पुटपुटले, "भेटायला आलेल्याला कुणी दार बंद करत नाही." तोंडावर रक्त म्हणून राहिलं नव्हतं. ज्या दाराला त्यांना कडी घालायची होती, ते त्यांनीच उघडलं होतं.

मुलीला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. शिलाई मशीन चालू असलं की तिला ऐकू यायचं नाही. की दुसरंच काही? मी तिथल्या गस्तीवरच्या बीट मार्शलना साध्या कपड्यांत पिटाळलं. थोड्या वेळाने कुजबुजत उत्तर आलं. दार उघडं आहे, माणूस आत बसलाय, मांडीवर पिशवी. मुलगी त्याच्यापासून हातभर अंतरावर आहे. मी म्हटलं, जिन्यात थांबा, आवाज चढला तर आत घुसा. हुकूम दिला खरा, पण तो बरोबर की चूक ते कळत नव्हतं. जीप मनवेलपाड्याकडे धावत होती. काका देवाचं नाव घेत होते, लहान मुलासारखं, मोठ्याने.

जिना चढताना त्यांनी मला हाताने मागे सारलं. "मी पुढे जातो. मला बघितल्यावर तो पोरीकडे बघणार नाही."

आत खरोखरच पाहुणचार चालू होता. टीपॉयवर हार, पाण्याचा रिकामा ग्लास. मुलगी स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होती.

"बाबा, बरं झालं आलात. तुमचे जुने मित्र आलेत. यांना कुणीतरी भलतंच सांगितलं हो, तुम्ही..."

तो माणूस काकांकडे बघतच राहिला. मुलीने सांगूनही, भूत बघावं तसा. हात मात्र पिशवीत गेला.

"पिशवी खाली!"

काकांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मघाची भीती कुठल्या कुठे गेली होती. तो क्षणभर थबकला आणि तेवढ्यात आम्ही त्याच्यावर झेप घेतली. पिशवीत नवा धार लावलेला कोयता निघाला. पंच बोलावले, कोयता जप्त केला. मुलीच्या हातातला चहा सगळीकडे सांडला होता आणि ती पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, "मी यांना साखर किती घालू विचारत होते."

कोठडीत त्याला विचारलं, फौजी मेला असं वाटत होतं, तर गेलास कशाला? म्हणाला, "तो मरून सुटला. तुरुंगातली माझी वर्षं कुणाकडून घ्यायची? म्हटलं, मागे कोण आहे ते बघू."

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, ती वर्दीतल्या प्रत्येकाला सांगतो. भीती वाटली तर सांगा. लाजेने गप्प बसलेला शूर माणूस भित्र्यापेक्षा जास्त धोक्यात असतो, आणि त्याच्याबरोबर त्याचं घरही.

पुढे काका खरोखरच गेले, झोपेत, शांतपणे. ठाण्यातली पोरं फलक लावू म्हणाली. मुलीने हात जोडून नको म्हटलं.

मी भेटायला गेलो तेव्हा जिन्यात चपला होत्या, आतून अगरबत्तीचा वास येत होता, आणि दार बंद होतं. मयताच्या घराचं बंद दार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बेल दाबली. आतून तिचा आवाज आला.

"कोण?"

मी पूर्ण नाव सांगितलं, हुद्दाही सांगितला. साखळी निघेपर्यंत दोन्ही हात तिला दिसतील असे पुढे धरून उभा राहिलो.